रेयुनियोंचा पहिला मतदारसंघ : उपरा पंतप्रधान, समान हक्क आणि निकालांचे वाचन

निवडणूक निकालांचा तक्ता करणाऱ्या एका अभ्यासकाचा प्रश्न असा आहे : हिंदी महासागरातील रेयुनियों या फ्रेंच बेटावरील पहिल्या मतदारसंघाने मिशेल दब्रे यांना, म्हणजे बेटाशी जन्माचा किंवा वास्तव्याचा कोणताही संबंध नसलेल्या एका माजी पंतप्रधानांना, १९६३ पासून सुमारे पाव शतक निवडून दिले, आणि आज तोच मतदारसंघ समाजवादी पक्षाकडे आहे, तेव्हा तेथील मतदार उजवीकडून डावीकडे वळला, असा निष्कर्ष काढावा काय? फ्रान्सच्या निवडणुकांचे तक्ते वाचण्यात आणि ते विद्यार्थ्यांना वाचायला शिकवण्यात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे, आणि या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. या जागेवरचा वाद सुरुवातीपासून एकच राहिला आहे. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरील नागरिकाला मिळणारे हक्क नऊ हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बेटावरील नागरिकाला कोण मिळवून देणार, हा तो वाद होय. मतदाराची मागणी फारशी बदलली नाही. ती पुरी करण्याचे वचन देणारे पक्ष मात्र बदलले, आणि एकदा तर त्यांनी आपापसांत भूमिकांची अदलाबदल केली.

प्रथम भूगोल आणि समाज. मराठी भाषकांची जुनी वस्ती असल्यामुळे मॉरिशस आपल्याला परिचित आहे. रेयुनियों त्याच्या नैर्ऋत्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. सुमारे २,५१२ चौरस किलोमीटरचे हे ज्वालामुखीचे बेट, आणि उत्तर किनाऱ्यावरचे सां-दनी हे त्याचे मुख्य शहर. गुलामगिरी २० डिसेंबर १८४८ रोजी संपली, तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. त्यानंतर उसाच्या मळ्यांवर मुख्यतः तमिळ प्रदेशातून गिरमिटिया मजूर आणले गेले. हे मजूर ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्यांना मत नव्हते, परंतु १८८९ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने बेटावर जन्मलेल्या त्यांच्या संततीसाठी फ्रेंच नागरिकत्वाची वाट उघडली. पुढे खासदार आणि सां-आंद्रेचे महापौर झालेले जां-पॉल व्हिरापुले हे याच तमिळ वंशाच्या समाजातले. दूरच्या वसाहतीतून पॅरिसच्या संसदेत खासदार पाठवण्याची प्रथा भारतालाही अपरिचित नाही, कारण पाँडिचेरीसह फ्रेंच वसाहतींचा एक खासदार १८७१ पासून तेथे बसत असे आणि १९४६ मध्ये लाम्बेर सरवणे त्या जागेवर निवडून आले होते. फरक इतकाच की पाँडिचेरीचा मार्ग पुढे भारताकडे वळला आणि रेयुनियोंचा फ्रान्सच्या अधिक आत गेला.

तो मार्ग कोणी आखला, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये संविधान सभेसाठी बेटावरून निवडून गेलेले दोघेही, डॉक्टर रेमों व्हेर्जेस आणि रेल्वे कामगारांतून आलेले लेओं द लेपेर्व्हांश, साम्यवादी विचारांचे होते. मार्टिनिकचे एमे सेझेर यांच्यासोबत त्यांनी जो कायदा मांडला, तो १९ मार्च १९४६ रोजी संमत झाला आणि त्याने रेयुनियों, मार्टिनिक, ग्वादलूप आणि गयाना या चार जुन्या वसाहतींना फ्रान्सच्या जिल्ह्यांचा, म्हणजे ‘देपार्तमां’चा दर्जा दिला. आज वसाहतविरोध म्हटले की स्वातंत्र्याची मागणी डोळ्यांसमोर येते. परंतु रेयुनियोंच्या डाव्या चळवळीची पहिली मागणी विलीनीकरणाची होती. त्यामागचा विचार साधा होता. फ्रान्समधील कामगाराला जो विमा, जे वेतन, जी शाळा मिळते, ती उसाच्या शेतातील मजुरालाही मिळावी, आणि त्याने मळेवाल्याच्या मर्जीवर जगू नये. म्हणूनच मळेमालकांच्या वर्गाला या कायद्याबद्दल प्रेम नव्हते. त्या काळातील राजकारण किती तापलेले होते, याची कल्पना एका घटनेवरून येईल : २५ मे १९४६ रोजी, निवडणुकीच्या प्रचारात, उजव्या गटाचे उमेदवार आलेक्सी द व्हिलनव्ह यांची सां-दनीत गोळी घालून हत्या झाली, आणि त्या प्रकरणात रेमों व्हेर्जेस यांचे पुत्र पॉल यांना न्यायालयाने शिक्षा सुनावली.

कायदा झाला, समता मात्र आली नाही. कायद्याने दिलेले हक्क लागू करणारे हुकूम वर्षानुवर्षे रखडले, किमान वेतन आणि कुटुंब भत्ते मुख्य भूमीपेक्षा कमीच राहिले. या निराशेतून डाव्यांची भूमिका उलटली. पॉल व्हेर्जेस १९५६ मध्ये खासदार झाले, आणि मे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या रेयुनियों साम्यवादी पक्षाने स्वायत्ततेची मागणी पुढे केली. त्याच वेळी उजव्या पक्षांनी, ज्यांच्या पाठीराख्यांना १९४६ चा कायदा नको होता, त्याच कायद्याचे रक्षक म्हणून उभे राहण्यास सुरुवात केली. मी जिला अदलाबदल म्हणतो ती हीच. केवळ पक्षांच्या नावांवरून तक्ता वाचणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते.

आता मतदारसंघाकडे येऊ. ‘पहिला मतदारसंघ’ ही वस्तूच १९५८ पूर्वी नव्हती. चौथ्या प्रजासत्ताकात संपूर्ण बेट हा एकच मतदारसंघ होता आणि पक्षांच्या याद्यांना मतांच्या प्रमाणात जागा मिळत. १९५८ मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ आणि दोन फेऱ्यांची पद्धत आली, तेव्हा बेटाला तीन जागा मिळाल्या आणि सां-दनीभोवतीची जागा पहिली ठरली. या पद्धतीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा आधार गेल्यामुळे साम्यवाद्यांना मते असूनही जागा मिळणे अवघड झाले. परंतु याहून गंभीर गोष्ट मतमोजणीची होती. पॅरिसने नेमलेले प्रशासनप्रमुख (प्रिफेक्ट) जां पेरो-प्रादिए यांच्या काळात, म्हणजे १९५६ ते १९६३ या वर्षांत, बेटावरील बोगस मतदान हा अपवाद राहिला नव्हता : मतपेट्या आधीच भरून ठेवणे, विरोधी उमेदवाराच्या प्रतिनिधींना केंद्राबाहेर काढणे, गैरहजरांच्या नावे मते पडणे हे सर्व घडत होते, आणि प्रशासन त्यात तटस्थ नव्हते. म्हणून त्या काळातील टक्केवारीवर लोकमताचा आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी थांबवतो. ते आकडे सत्ता कोणाच्या हातात होती हे सांगतात. मतदाराला काय हवे होते, हे त्यांतून थोडेच कळते.

या पार्श्वभूमीवर दब्रे आले. ते पाचव्या प्रजासत्ताकाच्या संविधानाचे प्रमुख शिल्पकार आणि त्याचे पहिले पंतप्रधान; एप्रिल १९६२ मध्ये ते पदावरून गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लवार नदीकाठच्या आपल्या मतदारसंघात पराभूत झाले. रेयुनियोंच्या पहिल्या मतदारसंघातील १९६२ ची निवडणूक रद्द झाल्याने पोटनिवडणूक लागली, आणि मे १९६३ मध्ये दब्रे यांनी ती पॉल व्हेर्जेस यांच्याविरुद्ध मोठ्या मताधिक्याने जिंकली. यातील एक विसंगती आजही अस्वस्थ करते. पंतप्रधान असताना दब्रे यांच्याच स्वाक्षरीने १५ ऑक्टोबर १९६० चा तो हुकूम निघाला होता, ज्याच्या आधारे सागरपार जिल्ह्यांतील ‘सार्वजनिक शांततेला बाधक’ ठरवलेल्या सरकारी नोकरांना न्यायालयीन प्रक्रियेविना मुख्य भूमीवर बोलावून घेता येई. शिक्षक आणि कवी असलेल्या बोरिस गामालेया यांच्यासारखी माणसे त्यामुळे आपल्या बेटापासून कित्येक वर्षे दूर राहिली; हा हुकूम १९७२ मध्ये रद्द झाला. ज्या बेटावरून विरोधकांना हलवले, त्याच बेटाकडे तीन वर्षांच्या आत मते मागायला ते आले होते.

तरीही दब्रे यांचा विजय केवळ दडपशाहीचा आणि बोगस मतांचा होता, असे म्हणणे मला मान्य नाही, कारण ते सोपे उत्तर आहे आणि ते मतदाराचा अपमान करते. अल्जीरिया जुलै १९६२ मध्ये स्वतंत्र झाला होता, शेजारचे मादागास्कर १९६० मध्ये, मॉरिशस पुढे १९६८ मध्ये होणार होते. ‘स्वायत्तता’ हा शब्द ऐकताच बेटावरील सामान्य माणसाच्या मनात पहिला प्रश्न येई : फ्रान्स गेला तर नुकतेच मिळू लागलेले दवाखाने, शाळा आणि भत्ते राहतील काय? मळेमालक, चर्चमधील साम्यवादविरोधी मंडळी आणि नगरपालिकांचे नेते यांनी ही भीती वाढवली, हे खरे. परंतु ती त्यांनी निर्माण केलेली नव्हती. दब्रे यांनी या भीतीला ठोस कामांची जोड दिली. रस्ते, शाळा, घरबांधणी यांसाठी पॅरिसच्या तिजोरीतून पैसा आला. कुटुंबांना द्यायच्या भत्त्यांचा काही भाग रोख न देता सामुदायिक निधीतून खर्च करावा आणि त्यातून शाळांची भोजनगृहे चालावीत, ही व्यवस्था त्यांनी उचलून धरली. तिला ‘एकूण समानता’ असे गोंडस नाव होते. हजारो मुलांना दुपारचे जेवण मिळाले, ही वस्तुस्थिती आहे. फ्रान्समधील आईच्या हातात थेट पडणारा पैसा रेयुनियोंमधील आईच्या हातात पडत नसे, हीही वस्तुस्थिती आहे. माझ्या मते दब्रे यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन या दोन वाक्यांना एकत्र धरूनच करावे लागते, आणि बहुतेक लेखक दोहोंपैकी एकच धरतात.

स्थलांतराचे धोरण याच विचाराचा पुढचा भाग होता. लोकसंख्या वाढत होती, उसात काम कमी होते, म्हणून १९६३ मध्ये ‘ब्युमिदोम’ हे सरकारी कार्यालय स्थापन झाले आणि त्याने सागरपार जिल्ह्यांतील तरुणांना मुख्य भूमीवर टपाल, रुग्णालये, कारखाने आणि घरकाम यांत पाठवले. त्याच्याच बाजूने एक दुसरी, अधिक वेदनादायक गोष्ट घडत होती. १९६२ ते १९८४ या काळात किमान २,०१५ मुलांना बेटावरून उचलून फ्रान्सच्या ओसाड पडत चाललेल्या ग्रामीण जिल्ह्यांत नेले गेले. त्यांपैकी बरीच क्रझ या जिल्ह्यात पोहोचल्यामुळे त्यांना ‘क्रझची मुले’ म्हणतात. सर्वच मुले अनाथ नव्हती. अनेक पालकांना, ज्यांना वाचताही येत नव्हते, मुलगा सुट्टीत परत येईल असे सांगून कागदांवर अंगठे घेतले गेले. या प्रकरणाकडे मी पुन्हा येईन, कारण त्याचा याच जागेशी थेट संबंध आहे.

दब्रे यांच्या ‘पंचवीस वर्षां’विषयी दोन तांत्रिक सूचना द्याव्या लागतात, आणि प्रश्नकर्त्याने त्या आपल्या तक्त्यात नोंदवाव्यात. पाचव्या प्रजासत्ताकात मंत्री झालेला खासदार सभागृहात बसू शकत नाही. त्याच्यासोबत निवडून आलेला पर्यायी सदस्य त्याची जागा घेतो. दब्रे जानेवारी १९६६ पासून एप्रिल १९७३ पर्यंत अर्थ, परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांचे मंत्री होते, म्हणजे १९६७ आणि १९६८ च्या निवडणुका जिंकूनही त्या काळात रेयुनियोंचा पहिला मतदारसंघ सभागृहात बहुतांशी त्यांच्या पर्यायी सदस्याकडे होता. शिवाय १९६६ पासून ते लवारकाठच्या आंब्वाज शहराचे महापौरही होते. दुसरी सूचना १९८६ ची : त्या वर्षी फ्रान्सने प्रमाणशीर पद्धत वापरली, संपूर्ण बेट पुन्हा एकच मतदारसंघ झाले, जागा पाच झाल्या, आणि दब्रे यादीतून निवडून आले. पॉल व्हेर्जेस आणि दब्रे यांना एकाच मतदारसंघातून, एकाच वेळी, सभागृहात पाठवणारी ती निवडणूक. म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर ‘पहिला मतदारसंघ’ १९८६ ते १९८८ या काळात अस्तित्वातच नव्हता. १९८८ मध्ये एकसदस्यीय मतदारसंघ परतले ते पाच संख्येने, म्हणजे नव्या सीमांसह, आणि त्याच वर्षी दब्रे यांची खासदारकी संपली.

त्यानंतरचा काळ वेगाने पाहता येतो. जागा आधी उजव्या पक्षाच्या ऑग्युस्त लग्रो यांच्याकडे, १९९३ मध्ये समाजवादी जिल्बेर आनेत यांच्याकडे, १९९७ मध्ये समाजवादी मिशेल तामाया यांच्याकडे, २००२ मध्ये पुन्हा उजव्या बाजूला रने-पॉल व्हिक्तोरिया यांच्याकडे आणि २०१२ मध्ये समाजवादी एरिका बारेग्ट्स यांच्याकडे गेली. या यादीतील पहिले चौघेही सां-दनीचे महापौर राहिलेले आहेत आणि बारेग्ट्स पुढे झाल्या. दब्रे गेल्यानंतर ही जागा पॅरिसच्या नेत्याची न राहता नगरपालिकेची झाली. सां-दनीत नगरपालिका हीच सर्वांत मोठी रोजगार देणाऱ्या संस्थांपैकी एक आहे, घर आणि नोकरी यांचे अर्ज तिच्या दारात जातात. त्यामुळे खासदारकीच्या निकालाचा अंदाज बांधताना पक्षाच्या राष्ट्रीय लाटेपेक्षा आधीच्या महापालिका निवडणुकीकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते, असा माझा अनुभव आहे.

या उलथापालथीला फेब्रुवारी १९९१ मधील शोद्रों वस्तीतील दंगलींची पार्श्वभूमी आहे. एका विनापरवाना दूरचित्रवाणी केंद्राची प्रक्षेपण यंत्रे जप्त केल्याचे निमित्त झाले आणि सां-दनीच्या या श्रमिक वस्तीत असंतोषाचा भडका उडाला; जळालेल्या दुकानात आठ जणांचा मृत्यू झाला. दब्रे यांच्या काळातील विकासाने बेटाचा चेहरा बदलला होता, पण बेरोजगार तरुणांची एक संपूर्ण पिढीही मागे ठेवली होती. आणि कायदेशीर समता? मुख्य भूमीइतके किमान वेतन सागरपार जिल्ह्यांत १ जानेवारी १९९६ रोजी लागू झाले. १९४६ च्या कायद्यानंतर पन्नास वर्षांनी! ही एक तारीख मी प्रत्येक विद्यार्थ्याला लक्षात ठेवायला लावतो, कारण तिच्याशिवाय या मतदारसंघातील एकाही उमेदवाराचे भाषण नीट कळत नाही.

दरम्यान साम्यवाद्यांनीही १९८१ मध्ये समाजवादी नेते मितराँ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यानंतर स्वायत्ततेची मागणी बाजूला ठेवली होती. त्यामुळे फ्रान्समध्ये राहायचे की नाही हा प्रश्न मागे पडला आणि फ्रान्समध्ये राहून समान कसे व्हायचे, हा १९४६ चा प्रश्न पुन्हा समोर आला. यावेळी तो समाजवाद्यांनी उचलला. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी राष्ट्रीय सभेने १४ विरुद्ध १२५ मतांनी एक ठराव संमत केला आणि ‘क्रझच्या मुलां’बाबत राज्यसंस्थेची नैतिक जबाबदारी मान्य केली. तो ठराव मांडणाऱ्या खासदार होत्या एरिका बारेग्ट्स, म्हणजे ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व त्या काळात दब्रे करत होते, त्याच मतदारसंघाच्या प्रतिनिधी. संसदीय इतिहासात एखाद्या जागेने आपल्याच पूर्वीच्या धारकाच्या काळातील कृत्याचा असा हिशेब मागितल्याची उदाहरणे फार नसावीत, आणि मला तो या जागेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दिवस वाटतो. बारेग्ट्स पुढे सागरपार प्रदेशांच्या मंत्री झाल्या, आणि २८ फेब्रुवारी २०१७ चा ‘सागरपार वास्तव समता’ कायदा त्यांच्या कारकिर्दीत आला. त्याच्या नावातला ‘वास्तव’ हा शब्द १९४६ च्या कागदी समतेला उद्देशून आहे. २०२० मध्ये त्या सां-दनीच्या महापौर झाल्या, दोन पदे एकत्र ठेवण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे खासदारकी सोडली, आणि त्यांचे पर्यायी सदस्य फिलिप नाये खासदार झाले. ते २०२२ आणि २०२४ मध्ये स्वतःच्या नावाने निवडून आले.

आता तक्त्याविषयी थेट सल्ला. २०१२ पासून बेटाला सात जागा आहेत आणि सां-दनी शहराचा पूर्वेकडील भाग सहाव्या मतदारसंघाकडे गेला आहे. त्यामुळे १९८८ ते २००७ आणि २०१२ नंतरचे आकडे एका ओळीत मांडणे चुकीचे आहे. तुलना करायचीच असेल तर मतदारसंघाऐवजी सां-दनी शहराचे एकूण आकडे, किंवा त्याहून चांगले म्हणजे मतदान केंद्रनिहाय आकडे घ्यावेत. टक्केवारी नेहमी नोंदणीकृत मतदारांवर काढावी, टाकलेल्या मतांवर नव्हे. दोन फेऱ्यांच्या नियमांतच त्याचे कारण आहे : पहिल्या फेरीत निवडून येण्यासाठी टाकलेल्या वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मतांबरोबर नोंदणीकृत मतदारांपैकी किमान चौथ्या भागाची मते लागतात, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दुसऱ्या फेरीत जाण्यासाठी नोंदणीकृत मतदारांच्या १२.५ टक्के मते लागतात. बेटावर २०१७ आणि २०२२ च्या संसदीय निवडणुकांच्या पहिल्या फेरीत साठ टक्क्यांहून अधिक मतदार मतदानाला आले नाहीत. अशा वेळी तिसऱ्या उमेदवाराला ती पायरी गाठणे जवळजवळ अशक्य होते, आणि विजयी उमेदवाराची ‘साठ टक्के’ मते प्रत्यक्षात मतदारयादीच्या पाचव्या भागाइतकीच असू शकतात.

हे केले की डावा-उजवा हा प्रश्न किती अपुरा आहे, ते आपोआप दिसते. २०१२ मध्ये अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत बेटाने समाजवादी ओलांद यांना ७१ टक्क्यांहून अधिक मते दिली. दहा वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, पहिल्या फेरीत कडवे डावे मेलांशों सुमारे ४० टक्क्यांसह पहिले आले, दोन आठवड्यांनी त्याच बेटावर अतिउजव्या मारीन ल पेन ५९.५७ टक्के मते मिळवून पुढे राहिल्या, आणि जूनमध्ये सातपैकी सहा जागा डाव्या उमेदवारांनी घेतल्या. २०२४ मध्ये बेटाच्या दक्षिणेकडील तिसऱ्या मतदारसंघात ल पेन यांच्या पक्षाचा उमेदवार निवडून आला, तर पहिल्याने नाये यांना कायम ठेवले. दोन महिन्यांत मतदाराचे विचार इतके उलटसुलट फिरत नाहीत. एप्रिलमध्ये तो पॅरिसच्या सत्ताधाऱ्यावर राग काढतो, जूनमध्ये ओळखीच्या स्थानिक माणसाला मत देतो, आणि त्याहून मोठ्या संख्येने तो जूनमध्ये येतच नाही. म्हणून प्रश्नकर्त्याला माझी विनंती आहे की पुढच्या टप्प्यात उमेदवारांच्या यादीऐवजी एप्रिल आणि जून २०२२ ची सां-दनीची केंद्रनिहाय उपस्थिती शेजारी ठेवावी, आणि एप्रिलमध्ये मत देऊन जूनमध्ये न आलेले मतदार कोणत्या वस्त्यांतले होते, तेथून काम सुरू करावे.